लाखेखालची भेग

बालमित्रांनो, तुमच्याशी बोलत आहे ती मी एक मोडकी बॅट आहे. अचूक सांगायचे तर बॅटचे केवळ पाते. माझी मूठ माझ्यापासून विलग झाली, त्याला आता महिना होत आला. मोडलेल्या वस्तूचे बोलणे सहसा कोणी ऐकत नाही. परंतु माझ्या अंगात एक भेग होती, आणि ती कोठे आहे हे साऱ्या गावात एकाच माणसाला ठाऊक होते. त्या माणसाविषयी मला आजही आदर वाटतो. म्हणूनच ही हकिगत सांगणे मला जड जाते.

माझा जन्म काश्मीरच्या खोऱ्यात, पाण्याच्या काठी वाढलेल्या एका विलो वृक्षाच्या पोटी झाला. झाड होते तोवर पाणी हीच माझी माता होती. वृक्ष तोडला गेला आणि नियम पालटला. कारागिरांनी माझे ठोकळे कित्येक महिने सावलीत रचून ठेवले आणि माझ्या अंगातील ओल हळूहळू निघून जाऊ दिली. मग मला तासले, दाबले, घोटले. वेताच्या पट्ट्या एकमेकींस चिकटवून त्यांचा दांडा केला, तो माझ्या खांद्यात पाचरीसारखा बसवला आणि सरसाने जोडला. मित्रांनो, बॅटचा प्राण तिच्या पात्यात नसतो, त्या सरसात असतो. जवसाचे तेल तिला मानवते. पाणी मानवत नाही.

दुकानांतून फिरत फिरत मी भंडाऱ्यास आले आणि तेथील एका सामन्यात उत्तम खेळाडूचे पारितोषिक म्हणून संघपाल नावाच्या विद्यार्थ्याच्या हाती पडले. संघपाल करडी गावचे. त्यांनी मला सहा वर्षे खेळवले, दर पंधरवड्याला जवसाचे तेल लावले, आणि पुढे ते टपाल वाटण्याच्या नोकरीत लागले तेव्हा मला स्वच्छ फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवले. तेथे मी फार वर्षे निजून होते.

मला पुन्हा उजेड दाखवला तो त्यांच्या लेकीने, दीपमालेने. तिची जिवलग मैत्रीण अंजू. दोघी अकरावीत शिकणाऱ्या, दोघींना क्रिकेटचे वेड. धानाची कापणी झाली की बांध्या, म्हणजे धानाची शेते, उघड्या पडतात. तशा एका बांधीत संघपाल दर रविवारी गावच्या मुलींना खेळ शिकवू लागले. माझ्या मुठीवर अंजूची बोटे बसली त्या दिवशी मला वाटले, माझे सार्थक झाले. तिचा हात बळकट होता, आणि चेंडू माझ्या पोटाच्या नेमक्या जागी लागला की जो नाद उठे त्याने मीच मोहरून जाई.

माघ महिना होता. मोहाडीस मुलींचे तालुक्याचे सामने नऊ दिवसांवर आले होते. त्यांतून जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडायच्या होत्या. सकाळी दोघी सरावाला आल्या. जमीन वाळून दगडासारखी झाली होती आणि यष्ट्या काही केल्या रुतत नव्हत्या.

"दगड काहून शोधून राहिली, दीपमाले?" अंजू म्हणाली. "हे हाये ना हातात!"

तिने मला उलटे धरले आणि माझ्या मुठीच्या टोकाने यष्टी ठोकू लागली. एक, दोन, तीन. चौथ्या घावाला माझ्या खांद्यात काहीतरी चरकले. बारीक केसाएवढी रेघ उमटली. अंजूचा चेहरा उतरला.

संध्याकाळी संघपालांनी मला डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

"मूठ नवी बसवावी लागन," ते म्हणाले. "नागपूरले देऊन येतो, पण तीन आठवडे लागतात म्हणे."

"म्हणजे झालंच मग," अंजू रडवेली झाली.

तेथेच ओट्यावर अंजूचे आजोबा बसले होते. तुलाराम वाढई. वाढई म्हणजे सुतार. पन्नास वर्षे त्यांनी पंचक्रोशीतल्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची चाके घडवली. त्यांच्या हातचे चाक कुरकुरत नसे, अशी त्यांची ख्याती. परंतु बंड्या गेल्या, ट्रॅक्टर आले. दहा-अकरा वर्षांत त्यांच्या लाकूड तासायच्या वाकसाला धार लावायचेही कारण पडले नव्हते. कोणी त्यांना लाकडाविषयी काही विचारीत नसे.

"आण इकडं," ते म्हणाले. "साऱ्या जिल्ह्याची चाकं जोडली म्या. हे तं चार बोटांचं लाकूड हाये."

"काका, हे चाक नोहे," संघपाल अदबीने म्हणाले.

"लाकूड लाकूडच असते, संघपाल. तू टपाल वाट. लाकडाचं मले सांगू नको."

संघपाल वडीलधाऱ्यापुढे बोलणारे नव्हते. ते हसले आणि मला तुलारामजींच्या हाती देऊन निघून गेले.

मित्रांनो, त्या हातांची थोरवी मी काय वर्णावी! त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्या शिरा कोणत्या दिशेने धावतात ते डोळे मिटून ओळखले. इतक्या जाणत्या हाती आपण आलो, याचे मला अपार समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला काखेत घेतले आणि ते शेताकडे चालू लागले, तेव्हा मला कळले की ते मला कोठे नेत आहेत. आणि माझ्या अंगावर काटा आला.

त्या भागात शेताच्या उशाला लहान तळे असते, त्याला बोडी म्हणतात. उन्हाने बंडीचे चाक सुकले, त्याचे आरे सैल झाले, की शेतकरी ते चाक दोन-तीन दिवस बोडीत बुडवून ठेवीत. लाकूड पाणी पिऊन फुगे, सांधे आवळले जात आणि चाक पुन्हा अभंग होई. तुलारामजींनी हे आयुष्यात हजार वेळा केले होते. बाभळीचे आणि सागाचे चाक त्यांना ठाऊक होते; मी ज्या सरसाने जोडलेली आहे तो त्यांना ठाऊक नव्हता. चाकात सरस नसतो.

त्यांनी मला दोरी बांधली, पोटावर दगड ठेवला आणि पाण्यात सोडले.

तीन दिवस मी त्या हिरव्या अंधारात होते. पाणी प्रथम आईसारखे जवळ आले. मग ते माझ्या खांद्यात शिरले आणि सरसाला एकेका कणाने सोडवू लागले. मी फुगत होते. माझी भेग मिटत होती. आणि मिटणाऱ्या त्या भेगेच्या आत माझा सांधा मरत होता.

मला बाहेर काढले तेव्हा रेघ दिसेना. भिंग लावूनही दिसली नसती. बातमी गावात फिरली आणि माणसे पाहायला आली. शेजारचे भैय्यालाल तर पडवीत शिरता शिरताच ओरडले,

"तुलाराम, माह्या ट्रॅक्टरचा टायर सकाऊनपासून बसला हाये. त्याले बी बोडीत टाकू का?"

"तुलेच टाक आधी," तुलारामजी म्हणाले. "तुह्या डोक्याची भेग बुजन."

सारे खदखदून हसले. अंजूने आजोबांच्या गळ्याला मिठी मारली. दीपमाला माझ्यावर बोटे फिरवीत म्हणाली, "आबाजी, तुम्ही तं जादूगार निघाले!" कितीतरी वर्षांनी त्या पडवीत माणसांचा असा आवाज होता. तुलारामजी खाली मान घालून तंबाखू चोळत राहिले. पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

त्यांनी मला वाळायला आढ्याला टांगले. दिवसा कौलांतून ऊन येई. ओल जसजशी उडू लागली तसतशी मी आक्रसू लागले. आक्रसणारे लाकूड आपल्या जुन्या जागी परत येत नाही, मित्रांनो. माझी भेग उघडली, आणि पूर्वी ती करंगळीएवढी लांब होती ती आता वीतभर झाली.

चौथ्या दिवशी दुपारी तुलारामजींनी मला खाली घेतले. घरात कोणी नव्हते. त्यांनी मूठ धरून मला किंचित हलवले. माझ्या खांद्यातून पिवळी भुकटी त्यांच्या धोतरावर पडली. तो माझा सरस होता. त्यांनी ती चिमटीत घेतली, चोळली, हुंगली. मग मला कानाशी धरून बोटाच्या पेराने ठोकले. काय ऐकायचे ते त्यांनी ऐकले. पन्नास वर्षांच्या त्या कानाला कोणी फसवू शकत नव्हते.

फार वेळ ते बसून राहिले. मला वाटले, आता ते उठतील, संघपालांकडे जातील आणि म्हणतील, 'बाबा रे, मला जमले नाही.' एवढेच तर म्हणायचे होते.

ते उठले आणि त्यांनी पडवीचे दार लोटून घेतले.

निखाऱ्यावर त्यांनी लाख वितळवली. पळसाच्या झाडावरची, काळपट तांबडी लाख. तीत भुसा कालवला आणि कढत कढत माझ्या भेगेत भरली. वरून घासून गुळगुळीत केली. सुताचे इतके घट्ट वेढे दिले की माझा श्वास कोंडला. वेढ्यांवर निळी चिकटपट्टी, तिच्यावर तेलाचा हात. काम पाहणाऱ्याला भूल पडावी असे देखणे झाले. एवढे कौशल्य त्यांनी मला जोडण्यासाठी खर्चले असते तर मी धन्य झाले असते. ते खर्चले गेले लपवण्यासाठी.

"दोन घंटे टिकली म्हणजे झालं," ते स्वतःशी पुटपुटले. मी ते ऐकले. मला उत्तर देता येत नव्हते.

सामन्याच्या आदल्या सायंकाळी टपालाची पिशवी खांद्यावर तशीच घेऊन संघपाल आले.

"काका, एक विचारतो, राग नका मानू. पक्की हाये ना? मोहाडीच्या पोरीइजवळ दोन बॅटी हायेत. एक मागून घेतो. त्यात काय लाज?"

तुलारामजींनी माझ्याकडे पाहिले नाही.

"पक्की हाये," ते म्हणाले.

"बरं. तुम्ही म्हणता तं झालं."

एवढ्या विश्वासाने उच्चारलेले वाक्य मी पूर्वी ऐकले नव्हते. आणि एवढे भय मला पूर्वी कधी वाटले नव्हते.

मोहाडीच्या मैदानावर दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास करडीच्या मुली खेळायला उतरल्या. तुलारामजींनी जन्मात क्रिकेट पाहिले नव्हते. तरी ते भैय्यालालांच्या मोटरसायकलवर मागे बसून आले आणि सीमारेषेजवळ पुढच्या रांगेत बसले. मुलींजवळ हेल्मेट एकच होते. जी चेंडू खेळे तिच्या डोक्यावर ते असे. अंजू माझ्यासह एका टोकाला उभी राहिली. समोरच्या टोकाला, मोकळ्या डोक्याने, धावण्यास सज्ज होऊन दीपमाला उभी होती.

पहिला चेंडू आला. मी तो अडवला. माझ्या पोटातून जो नाद उठला तो माझा नव्हता. फुटक्या मडक्याचा तो आवाज होता. अंजूला वाटले, चेंडू कडेला लागला असावा. लोक टाळ्या वाजवीत होते. पण पुढच्या रांगेत तुलारामजींची पांढरी टोपी ताडकन वर झाली.

दुसरा चेंडू. लाखेचा एक कपचा सुटला आणि वेढ्यांच्या आत खुळखुळू लागला. तुलारामजी उभे राहिले. त्यांचे तोंड उघडे होते. दोन पावले ते पुढे आले.

"कुठं चालला बे?" भैय्यालालांनी मागून त्यांचे धोतर ओढले. "बस ना खाली! मागच्यांले दिसून नाई राहिलं."

आसपासचे हसले. तुलारामजींनी एकवार मैदानाकडे पाहिले, एकवार त्या हसणाऱ्या चेहऱ्यांकडे. आणि ते खाली बसले. मित्रांनो, ते खाली बसले.

तिसरा चेंडू पुढे टप्पा पडून आला. अंजूने पाऊल टाकले आणि मला साऱ्या बळानिशी फिरवले. मला चेंडू लागल्याचे आठवते. मग सुताचे वेढे तटातट तुटले. मूठ अंजूच्या हातात राहिली आणि मी सुटले. आकाश, माती, आकाश, माती असे काही क्षण दिसले. धाव घेण्यासाठी निघालेली दीपमाला मान वर करून समोर येत होती. मला थांबता आले नाही. थांबण्यासाठी जो हात लागतो तो माझ्यावर नव्हता.

तिच्या डाव्या भुवईवर मी आदळले.

पुढचे मी थोडक्यात सांगते. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिला नऊ टाके पडले. डोळा सुजून बंद झाला होता. सूज ओसरल्यावाचून काही सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्या रात्री मी बाकाखाली, तुलारामजींच्या दुपट्ट्यात गुंडाळलेली होते. संघपाल त्यांच्या शेजारी येऊन बसले.

"माहीच चूक हाये काका," ते म्हणाले. "इतकी जुनी बॅट पोरीइच्या हातात दिली म्या. आता कोणाले काय म्हणू?"

तुलारामजींनी टाचेने मला बाकाखाली आणखी आत सरकवले.

गावानेही त्यांना दोष दिला नाही. जो तो म्हणे, जुने लाकूड, तुटायचेच होते. म्हाताऱ्याने तर जिवापाड मेहनत केली. प्रत्येक सांत्वनागणिक ते अधिक वाकत गेले. मला त्यांनी पडवीत फळ्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवले आणि संघपालांच्या दारावरून जाणे सोडले.

तीन आठवडे असे गेले. मग एके दिवशी सकाळी पडवीचे दार वाजले. दीपमाला एकटीच आली होती. पट्टी निघाली होती. भुवईवर जांभळी रेघ होती.

"आबाजी, तुम्ही घरी काहून येत नाही? बाबा विचारून राहिले."

"कामात होतो."

"कायचं काम? इथं तं कोळ्यानं जाळं विणलं." ती हसली.

"डोळा कसा हाये, माय?"

"दिसते. पण धुरातून पाहल्यासारखं. डॉक्टर म्हणते, सहा महिन्यांत साफ होईन, नाई तं असाच राहीन." मग ती म्हणाली, "अंजू रोज रडते. म्हणते, मी लय जोऱ्यानं मारली म्हणून झालं. तिले तुम्ही समजवा. अन् तुम्ही बी मनाले लावून नका घेऊ. तुमचा काय दोष?"

मी फळ्यांमागे होते. मला काही दिसत नव्हते. मग फळ्या सरकल्या आणि तुलारामजींनी मला उजेडात आणले. त्यांनी दीपमालेचे बोट धरले आणि माझ्या तुटलेल्या खांद्यावर ठेवले.

"काय हाये हे?" ती म्हणाली. "काळं काळं?"

"लाख."

"कोणं भरली?"

"म्या. मॅचच्या दोन दिवस आधी."

तिचे बोट माझ्यावर थिजले. "म्हणजे... तुमाले मालूम होतं?"

"हाव."

"अंजूले?"

"नाई. कोणालेच नाई."

निखाऱ्याला शिवल्यागत तिने हात मागे घेतला आणि ओढणीला पुसला. ती रडली नाही, ओरडली नाही. ते पाहणे अधिक कठीण होते. उंबऱ्यापाशी जाऊन, पाठमोरीच, ती म्हणाली,

"बाबा रोज सोताले दोष देऊन राहिले. त्यांले तुम्हीच सांगा. मी नाई सांगणार."

ती गेली. तुलारामजींनी टोपी घातली, मला काखेत घेतले आणि ते रस्त्यावर आले. भर सकाळ होती, सारे गाव जागे होते. "बॅट घेऊन कुठं निघालात?" असे दोघा-तिघांनी विचारले. ते थांबले नाहीत.

मित्रांनो, वाटेत मी तुमचाच विचार करीत होते. तुमच्या घरी मोडलेल्या वस्तू असतील. त्या जरूर जोडा. जोडणारे हात पवित्र असतात. यष्टी ठोकायला दगड शोधा, बॅट उलटी धरू नका. लाकडाला कोणते पाणी, कोणते तेल मानवते ते जाणत्याला विचारा, आणि तुम्ही स्वतः जाणते असाल तरी विचारा. परंतु सांधा धरला नाही असे तुमच्या हाताला कळले, तर तो झाकू नका. 'जमले नाही' हे दोन शब्द उच्चारायला जो वेळ लागतो, त्याहून फार मोठा काळ मी फळ्यांमागे काढला आहे, आणि ती मुलगी धुरातून पाहत काढीत आहे.

संघपाल ओट्यावर टपाल लावीत बसले होते. तुलारामजींना पाहताच त्यांचा चेहरा उजळला. लगबगीने उठून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"या काका! किती दिवसांनी! बसा."

तुलारामजी बसले नाहीत. त्यांनी मला पत्रांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवले, तुटलेला खांदा वर करून, आणि भरलेली लाख दिसेल अशी कूस वळवली.

"आधी ऐकून घे, संघपाल," ते म्हणाले. "मंग तुले वाटलं तं म्हण, बसा म्हणून."